गोड आठवणींचे खरेदीखत

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्या विकल्या गेल्या. दुकानात विकल्या जातात तशा नव्हे, नावासकट, कायमच्या. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात उभारलेल्या आणि १९३३ साली स्थापन झालेल्या 'रावळगाव शुगर फार्म' या कंपनीने आपला गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स समूहातल्या एका कंपनीला २७ कोटी रुपयांना दिला. 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक', 'टुटी फ्रुटी' ही नावे त्या व्यवहारात होती. पण या व्यवहाराचे कलम आम्हांला त्याच्या रकमेपेक्षा अधिक उद्बोधक वाटते. विकली गेली ती नावे, पाककृती आणि त्यांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क. जमीन, इमारत, यंत्रे यांतले काहीही गेले नाही. ते सारे मूळ कंपनीकडेच राहिले.

व्यापाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. आमचा आक्षेप त्या व्यवहाराला नाहीच. आमचा आक्षेप आहे तो गेली कित्येक वर्षे मराठी ललित गद्यात नेमक्या याच कलमांवर चाललेल्या एका दुसऱ्या व्यवहाराला. बंद पडलेल्या चॉकलेटाची, नाहीशा झालेल्या गोळीची, बदललेल्या वेष्टनाची आठवण काढणारा जो लेख दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि आता घरोघरच्या दूरध्वनीच्या पडद्यांवरून आपल्यापुढे येतो, तोही नाव आणि चव एवढेच उचलतो. जमीन, यंत्र आणि हात मागे ठेवतो. त्या लेखाला साहित्य म्हणावे काय, आणि म्हटल्यास त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या लेखाचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. सुरुवातीला एक वेष्टन. त्याचा रंग, ते उलगडतानाचा आवाज. मग वडिलांची ऑफिसातून परतण्याची वेळ, नाहीतर मे महिन्याची सुट्टी आणि मामाचा गाव. मग एका वडीचे भावंडांत केलेले चार तुकडे. मग आजच्या मुलांना सारे मिळते, पण ती गोडी नाही, असा उसासा. आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यासाठी सारा लेख लिहिलेला असतो: आपल्या सगळ्यांचे बालपण असेच होते, नाही का?

नव्हते. एवढे स्पष्ट उत्तर या प्रश्नाला कोणी देत नाही, म्हणून आम्ही ते जालन्याहून देत आहोत.

मराठीला एक सुंदर सोय आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. हा भेद द्राविडी भाषांत आहे, गुजरातीत आहे. हिंदीच्या 'हम'ला किंवा इंग्रजीच्या 'वुई'ला तो ठाऊक नाही. ज्या भाषेत हा भेद आहे त्या भाषेच्या लेखकावर तो पाळण्याची जबाबदारीही येते. स्मरणरंजनाचा लेखक ती सर्रास टाळतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखे असते ते फक्त 'आम्ही'चे: एका विशिष्ट शहराचे, एका विशिष्ट पगाराच्या घराचे. तो लिहितो मात्र 'आपण'. ऐकणाऱ्याला न विचारता त्याचे बालपण तो आपल्या बालपणाला जोडून घेतो. त्याने 'आम्ही' लिहिले असते तर आमची काहीच तक्रार नव्हती. त्याचे बालपण आम्ही कुतूहलाने वाचले असते. म्हणूनच या लेखात आम्ही हट्टाने 'आम्ही' असेच लिहीत आहोत. आमच्या आत कोण आहे आणि कोण नाही हे आम्हांला ठाऊक आहे.

आता त्या वस्तूकडेच पाहू. वस्तूचे नीट वर्णन झाले की पुष्कळशी भावुकता आपोआप गळून पडते.

'चॉकलेट' या शब्दाला मराठी बोलण्यात जो अर्थ आहे तो कोणत्याही शब्दकोशात धड सापडणार नाही. आमच्याकडे किराणा दुकानातल्या बरणीतून निघणारी, कागदात पिळून गुंडाळलेली साखरेची कडक गोळी म्हणजे चॉकलेट. तिच्यात कोकोचा कणही नसतो. जिच्यात कोको असतो त्या वडीला आमच्याकडे 'कॅडबरी' म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. एका शब्दाने दुसऱ्याची जागा घेतली, आणि दुसऱ्यासाठी एका कंपनीचे नाव सामान्यनाम झाले. हा केवळ भाषेचा विनोद नाही. या दोन शब्दांच्या मध्ये महाराष्ट्राचा एक नकाशा दडलेला आहे.

कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. वडी दुकानात टिकायची तर दुकानात फ्रिज हवा, फ्रिजला वीज हवी, आणि ती भारनियमनात दुपारी जाता कामा नये. उलट साखर आणि ग्लुकोज जवळजवळ दीडशे अंशांपर्यंत आटवून केलेल्या गोळीत पाण्याचा अंश इतका थोडा राहतो, की ती उन्हाळाभर पत्र्याच्या टपरीतही तग धरते. पावसाळ्यात फार तर कागदाला चिकटते. गोळी खेड्यात पोचली आणि वडी शहरात राहिली, यामागे कोणाच्या अभिरुचीचा प्रश्न नव्हता. प्रश्न विजेचा, रस्त्याचा आणि नाण्याचा होता. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून अधिकृतपणे बाद झाले. पण दुकानदाराने सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी टेकवण्याची रीत त्याच्या आधीपासून होती आणि नंतरही राहिली. म्हणजे आमच्याकडे ज्याला चॉकलेट म्हणत ते पुष्कळदा विकत घेतलेलेच नसे. ते सुट्याच्या बदल्यात आलेले असे. मुलासाठी मुद्दाम आणलेली वडी आणि पैसे परत देता आले नाहीत म्हणून मिळालेली गोळी, या दोन आठवणी एकाच 'आपण'च्या कागदात गुंडाळता येत नाहीत.

जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी या भागाचे बहुतेक तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत होते. १९४८ पर्यंत सारेच निजामाच्या राज्यात. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथे आजही अभिमानाने सांगितली जाते. बियाण्यांचे, लोखंडाचे आणि मोसंबीचे जालना व्यापाऱ्यांना चांगले माहीत आहे. पण या पाळण्याबाहेर जे होते त्यांच्या तोंडी कोणती गोडी होती?

राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या यात्रेला गेल्यावर मिळणारी गोडीशेव आणि रेवडी होती. पाडव्याला गुढीवरून उतरवलेली साखरेची गाठी होती. आणि आज साठी ओलांडलेल्या पिढीसाठी आणखी एक गोष्ट होती: सुकडी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या वाट्याला आलेला तो सरकारी खाऊ. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी हे दोन शब्द मराठवाड्यात त्या वर्षांचे साक्षीदार म्हणून उरले आहेत. सुकडीलाही चव होती. ती चव असणारे शेवटचे लोक अजून आमच्यात आहेत. तीही आता मिळत नाही; म्हणजे 'बंद पडलेला गोड पदार्थ' या व्याख्येत ती अगदी चपखल बसते. तरीही बंद पडलेल्या खाऊच्या याद्यांत तुम्हांला ती सापडणार नाही. तिला वेष्टन नव्हते, नाव नोंदवलेले नव्हते, जाहिरात नव्हती. आणि ती पुन्हा यावी असे ज्याने ती खाल्ली आहे तो म्हणणार नाही. ज्या आठवणीत गोडी आहे पण परत जाण्याची इच्छा नाही, तिचे काय करायचे हे आमच्या ललित लेखकांना अद्याप उमगलेले नाही.

साखरेचा प्रवासही आमच्याकडे उलट्या बाजूने होतो. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. दोन माणसांची गणती एका हत्याराने होते. पाचटाच्या कोपीत उन्हाळ्यापर्यंत संसार चालतो. सोबत गेलेल्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात ज्या हंगामी शाळा चालवल्या गेल्या, त्यांचे नाव काय? साखरशाळा. मराठी भाषेने विसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेला इतका गोड आणि इतका कडू सामासिक शब्द आम्हांला दुसरा माहीत नाही. गोळीतल्या आणि वडीतल्या साखरेला भूगोल आहे, आणि त्या भूगोलात आमचा जिल्हा बरणीच्या बाजूला नाही, फडाच्या बाजूला आहे. खरेदीखतात यंत्रे आणि जमीन वगळलेली होती असे आम्ही सुरुवातीला म्हटले. ललित लेखाच्या खरेदीखतात हा फडही वगळलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की चॉकलेटवरच्या चार हलक्याफुलक्या ओळींवर ऊसतोडीचे ओझे कशाला? आमचे उत्तर वर्गातले आहे.

आमच्या वर्गांत 'लहानपणीची एक आठवण' हा विषय दिला की जे लेखन हाती येते ते वाचून आम्ही अनेकदा थबकलो आहोत. त्यात फ्रिज असतो, जो त्या घरात नव्हता. ऑफिसातून येणारे बाबा असतात. जे वडील होते त्यांना त्या घरात कोणी बाबा म्हणत नव्हते. फ्रिजात लपवलेली वडी असते. सहा महिने कोपीत राहून आलेला, वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसलेला मुलगा यांपैकी काहीही लिहीत नाही. तो खोटे बोलत नसतो. 'आठवण' या प्रकाराची भाषाच त्याने तशी शिकलेली असते. आठवण म्हणजे काय ते त्याला साच्याने सांगितलेले असते, आणि त्या साच्यात बसणारे त्याच्याजवळ काही नसल्यामुळे तो दुसऱ्याचे उसने आणतो. ज्याला जगात सर्वांत अधिक स्वतःचे म्हणावे ते स्मरणच जर उसने असेल, तर साहित्याच्या शिक्षणाने त्याला दिले काय?

येथे दोष एकट्या पुरवण्यांचा नाही. आपल्या अभ्यासक्रमांचाही आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, आनंद यादवांचे 'झोंबी' १९८७ चे. भूक, खाणे, गोडधोड, लाज आणि हव्यास यांचे जितके अचूक स्मरण या पुस्तकांत आहे तितके चॉकलेटच्या शंभर लेखांत मिळून नाही. पण आपण ती कोठे शिकवतो? 'दलित साहित्य' आणि 'ग्रामीण साहित्य' या शीर्षकांखाली. 'ललित गद्या'ची अभ्यासपत्रिका आली की पुन्हा तीच वडी, तेच वेष्टन. म्हणजे एकाची आठवण ही वाङ्मय, आणि दुसऱ्याची आठवण ही सामाजिक दस्तऐवज. ही वाटणी कोणत्या सौंदर्यशास्त्राने केली? आमच्या विद्यार्थ्याने ललित लिहायचे तर आधी बालपण बदलून यावे, असेच ही विभागणी त्याला शिकवते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे. चॉकलेट हे निमित्त.

एक विद्वान आक्षेप हमखास येईल: प्रूस्त. चहात बुडवलेल्या एका केकच्या तुकड्यातून ज्याने १९१३ पासून पुढे सात खंडांचे विश्व उभे केले, त्याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही इतकेच म्हणू, की प्रूस्तच्या आरंभीच्या खर्ड्यांत तो केक नव्हता. भाजलेल्या पावाचा तुकडा होता. केक नंतर आला. पदार्थ बदलला तरी ती कादंबरी उभी राहिली असती, कारण तिचे काम पदार्थात नव्हते. स्मरण कसे घडते याच्या तपासात होते. यातून एक साधी कसोटी मिळते. लेखातले कंपनीचे नाव काढून तेथे 'एक गोळी' असे लिहा आणि उरलेला लेख वाचा. काही उरले तर ते साहित्य. उरले नाही, तर लेखकाने आपल्याला केवळ एक नाव ऐकवले आणि आठवण्याचे काम आपल्यावरच सोपवले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ना ही कसोटी लावा. तेथे एकाही व्यापारी नावाच्या टेकूवाचून सारे जग उभे आहे, कारण सांगणारी बाई स्वतःकडे पाहून हसू शकते. स्मरणरंजनाचा लेखक स्वतःकडे पाहून फक्त हळहळतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: आनंदाच्या आठवणी लिहूच नयेत काय? सगळ्यांनी दुष्काळच लिहावा? असे आम्ही म्हणत नाही. पुण्यातल्या किंवा दादरच्या घरातल्या मुलाला वडीचा चौथा तुकडा मिळाल्याचा आनंद खराच होता. त्याचे लेखन व्हावे. त्या तुकड्याची वाटणी कोणी केली, आईने स्वतःसाठी ठेवला का, कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीच्या हाती काय पडले, हे त्याला आठवत असेल तर तेही यावे. आनंदाला अचूकतेचे वावडे नाही. आणि आमच्या बाजूलाही तोच सावधपणा हवा. गोडीशेव, गूळ, हुरडा यांचेही एक स्मरणरंजन आता बाजारात आहे. हुरड्याच्या पार्ट्यांना तिकिटे लागतात आणि मातीच्या वासाची जाहिरात होते. वडीच्या जागी गुळाचा खडा ठेवला म्हणजे लेख खरा होतो असे नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण तिची गोडी लिहिताना २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून गेलेल्या बागा ज्याने वगळल्या, त्यानेही त्याच खरेदीखतावर सही केली.

शिवाय आता या आठवणींना गिऱ्हाईक आहे, हे लेखकांनी ओळखायला हवे. २००६ च्या सुमारास बंद झालेली पार्लेची 'रोला-कोला' गोळी समाजमाध्यमांवरच्या मागणीनंतर २०१९ मध्ये पुन्हा बाजारात आली. 'कॅम्पा कोला' हे नाव २०२२ मध्ये रिलायन्सने विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते पेय परतले. हळहळ ही आता मागणीची पूर्वसूचना आहे. तिची नोंद होते, मोजदाद होते, आणि तिच्यावर भांडवल लावले जाते. अशा वेळी आपल्या बालपणाच्या नावाने लिहिलेला लेख हा नकळत फुकट केलेला बाजारअभ्यास ठरतो. ज्याला आपण गतकाळाचा शोक म्हणतो तो कोणाच्या तरी येत्या हंगामाचा आराखडा असतो. शोक करणाऱ्याला याचे भान नसेल तर ती त्याची निरागसता. साहित्याच्या अभ्यासकाला नसेल तर तो प्रमाद.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात कवींचा नाहीच. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला: 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते, आणि पुढे ते विशेषतः परमुलखात पगारासाठी लढणाऱ्या स्विस सैनिकांच्या संदर्भात रूढ झाले. म्हणजे या शब्दावर पहिला हक्क कोणाचा? पोटासाठी घर सोडावे लागलेल्यांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या फडावर, पहाटेच्या थंडीत मोळी बांधताना ज्याला मंठ्याजवळच्या आपल्या गावाची सय येते, त्याची ती वेदना शब्दाच्या मूळ अर्थाने नॉस्टॅल्जिया आहे. फ्रिजातून नाहीशी झालेली वडी आठवणाऱ्याकडे हा शब्द फार उशिरा, आणि बराच पातळ होऊन आला.

साहित्याच्या शिक्षकांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या वेळी आठवण लिहायला सांगाल तेव्हा 'आपल्या लहानपणी' असा आरंभ विद्यार्थ्याला खोडायला लावा. त्याच्या जागी 'आमच्या घरी', 'आमच्या वस्तीत', 'आमच्या टोळीत' असे काय येते ते पाहा. गोळी कोणत्या दुकानातून आली, कोणत्या नाण्याने, कोणाच्या हातून, आणि कोणाला मिळाली नाही, हे विचारा. उत्तरे गोड असतील, नसतीलही. पण ती त्याची असतील. आणि त्या उत्तरांना 'ललित गद्या'च्या अभ्यासपत्रिकेत जागा द्या. रावळगावच्या गोळीचे नाव २७ कोटींना गेले. आमच्या विद्यार्थ्याच्या आठवणीला कोणी इतके पैसे देणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान ती त्याच्याकडून फुकटात काढून घेतली जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.